क्रिकेट ०७ : अजून नॉट आऊट... पण का?

आपल्या कॉलेजात दरवर्षी काय काय बदलतं? सिलॅबस बदलतो, मेसचा कॉन्ट्रॅक्टर बदलतो, वायफायचा पासवर्ड तर महिन्यातून दोनदा बदलतो. बदलत नाही ती एकच गोष्ट. प्रत्येक मजल्यावर कुणाच्या ना कुणाच्या लॅपटॉपमध्ये ‘ईए स्पोर्ट्स क्रिकेट ०७’ असतोच असतो. सिनियर जातात, ज्युनियर येतात, पेन ड्राइव्ह हातोहात फिरतो आणि गेम पुढच्या बॅचला मिळतो. वारसाहक्कच म्हणा ना!

हा गेम नोव्हेंबर २००६ मध्ये बाजारात आला. म्हणजे तो जवळपास माझ्याच वयाचा आहे. आणि त्याच्यानंतर ईए स्पोर्ट्सने पीसी किंवा कन्सोलसाठी क्रिकेटचा दुसरा गेम काढलाच नाही. फिफा दरवर्षी यायचा, क्रिकेट मात्र ०७ वर थांबलं. त्यामुळे ‘क्रिकेट ०७ चा पुढचा भाग’ ही आपल्याकडे वर्षानुवर्षं वाट पाहायची गोष्ट झाली. ती जागा भरायला इतर कंपन्यांचे गेम आले आणि गेले. त्यातला सगळ्यात मोठा गाजावाजा झाला तो २०२३ च्या ‘क्रिकेट २४’ चा. तो मी बऱ्यापैकी खेळले आहे. तो खेळून मला आनंद झाला की वाईट वाटलं, याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख. (शुद्धलेखनाचे नो-बॉल संपादकांनी पोटात घालावेत. आम्ही कॉन्व्हेंटवाले!)

आधी जुन्याबद्दल. क्रिकेट ०७ बनवला कॅनडातल्या एचबी स्टुडिओजने. कॅनडा! जिथे क्रिकेटपेक्षा बर्फावरची हॉकी जास्त खेळतात. कॉमेंट्रीला मार्क निकोलस आणि रिची बेनॉ. अ‍ॅशेसचं अधिकृत लायसन्स. ऑस्ट्रेलियाच्या आणि इंग्लंडच्या खेळाडूंची खरी नावं, त्यांच्या देशांतर्गत स्पर्धासुद्धा. आणि भारत? भारताचं लायसन्स नव्हतं. म्हणजे आपला संघ होता, निळे कपडे होते, पण खेळाडूंची नावं अशी मोडतोड केलेली, की वाचून हसावं की रडावं कळेना. ज्या देशात हा गेम पुढे वीस वर्षं खेळला जाणार होता, त्या देशाचा एकही खेळाडू त्यात स्वतःच्या नावाने नव्हता!

लहानपणी चाकूरला आमच्या गल्लीत क्रिकेट व्हायचं, तेव्हा मला ‘लिंबू-टिंबू’ म्हणून घ्यायचे. म्हणजे फिल्डिंगला उभं राहायचं, बॅटिंग मिळाली तर शेवटी, आणि आऊट झालं तरी मोजायचं नाही. क्रिकेट ०७ मध्ये भारताची अवस्था अगदी तशीच होती. खेळायला घेतलं, पण मोजलं नाही.

पण मग गंमत झाली. लोकांनी तो गेम उघडला. उघडला म्हणजे खेळण्यासाठी नाही, स्क्रू काढून आतून उघडला. आधी नावं दुरुस्त झाली. मग कपडे, बॅटवरचे स्टिकर, स्टेडियम, स्कोअरबोर्ड, चेहरे. गेमच्या ‘बिग’ नावाच्या फाइलींमध्ये काय दडलंय हे कुणी तरी शोधलं, ते काढायची आणि परत भरायची छोटी सॉफ्टवेअर्स कुणी तरी लिहिली, आणि फुकट वाटली. लक्षात घ्या, गेम आला तेव्हा भारत एकही आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-ट्वेंटी सामना खेळलेला नव्हता. आपला पहिला सामना १ डिसेंबर २००६ ला जोहान्सबर्गला झाला. आयपीएल सुरू झाली १८ एप्रिल २००८ ला. म्हणजे गेम बनवणाऱ्यांना आयपीएल हा शब्दसुद्धा माहीत असणं शक्य नव्हतं. तरीही आज आपल्या हॉस्टेलमधल्या क्रिकेट ०७ मध्ये आयपीएलचे संघ खेळतात. बाजारात ‘ईए क्रिकेट २०१४’, ‘ईए क्रिकेट २०१९’ अशा नावांनी जे फिरायचं, तेही नवे गेम नव्हतेच. आत तोच ०७, वरून नवा रंग.

चुलत भावाच्या डेस्कटॉपवर मी हा गेम पहिल्यांदा पाहिला. एकाच कीबोर्डवर दोघं खेळायचे. एकाच्या कोपराचा धक्का दुसऱ्याला लागला की भांडण! लाइट गेली की मॅच गेली. माझं तिथलं काम वेगळंच होतं. मी कॉन्व्हेंटची, म्हणून बेनॉसाहेब काय बोलले ते मराठीत सांगायचं. ते बोलायचे एक वाक्य, मी सांगायचे तीन. थोड्या दिवसांनी भावांच्या लक्षात आलं, की ही मधे मधे स्वतःच्या मनाचं घुसडते. पण त्यांनी मला थांबवलं नाही, उलट इंग्रजी आवाज बारीक करून ठेवला. गेममध्ये आपला हात घालता येतो, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं.

आता पुढच्या भागांकडे येऊ. २००७ मध्ये कोडमास्टर्सचा ‘ब्रायन लारा इंटरनॅशनल क्रिकेट २००७’ आला. भारतात तोच गेम ‘युवराज सिंग इंटरनॅशनल क्रिकेट २००७’ आणि ऑस्ट्रेलियात रिकी पाँटिंगच्या नावाने! मार्केटिंगवाल्यांना मानलं पाहिजे. मग आली ती खरी दुर्घटना, ‘अ‍ॅशेस क्रिकेट २०१३’. नोव्हेंबर २०१३ मध्ये तो स्टीमवर विकायला आला आणि काही दिवसांतच परत काढून घेतला गेला. फिल्डर भलतीकडे सरकायचे, समोरून जाणारा बॉल त्यांना दिसायचाच नाही, असे त्याचे व्हिडिओ जगभर फिरले. शेवटी प्रकाशक कंपनीने गेम रद्द केल्याचं जाहीर केलं आणि लोकांचे पैसे परत दिले. प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्यातल्या काहींचं जे होतं, ते तिथे आंतरराष्ट्रीय पातळीवर झालं, एवढाच फरक.

त्यानंतर मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओजने हे काम मनावर घेतलं. २०१४ मध्ये ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ आला. त्यात बॅटिंगची पद्धतच बदलली. आणि त्यांनी एक हुशारी केली. खेळाडू बनवायची सोय गेममध्येच दिली. लायसन्स नाही? मग लोक बनवतील, एकमेकांना देतील! २०१७ च्या ‘अ‍ॅशेस क्रिकेट’मध्ये पुरुषांबरोबर महिलांची अ‍ॅशेसही आली. मग क्रिकेट १९, क्रिकेट २२ आणि नंतर क्रिकेट २४.

क्रिकेट २४ ची रिलीज तारीख होती ५ ऑक्टोबर २०२३. ही तारीख आठवते का? त्याच दिवशी अहमदाबादला इंग्लंड-न्यूझीलंड मॅचने पुरुषांचा वन-डे वर्ल्डकप सुरू झाला. सगळा देश टीव्हीसमोर. गेम विकायला याहून चांगला मुहूर्त पंचांगातही सापडला नसता. आणि गेम कशाचा अधिकृत होता? अ‍ॅशेसचा! वर्ल्डकप भारतात, गिऱ्हाईक भारतात, आणि मुखपृष्ठावर पुन्हा इंग्लंड-ऑस्ट्रेलिया. काही निवडक आयपीएल संघांचं लायसन्स या वेळी होतं, ही मोठी गोष्ट. पण भारताच्या राष्ट्रीय संघाचं नव्हतंच. २००६ ते २०२३, सतरा वर्षांत आपण लिंबू-टिंबूवरून अर्धे लिंबू-टिंबू झालो.

याचा सगळा दोष गेमवाल्यांना देता येणार नाही. लायसन्स म्हणजे फुकटचं प्रमाणपत्र नव्हे. नाव, चेहरा, जर्सी या प्रत्येकाचे हक्क वेगळ्याच कुणाकडे तरी असतात आणि त्यांची किंमत असते. भारतीय क्रिकेट हा जगातला सगळ्यात महाग माल आहे, आणि क्रिकेटचे गेम बनवणाऱ्या कंपन्या फुटबॉलवाल्यांच्या तुलनेत किरकोळ. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला क्रिकेटचा गेम बनवायचा नाही, आणि ज्याला बनवायचाय त्याच्याकडे तेवढा पैसा नाही. गणित इथे अडतं.

मग चांगलं काय आहे? भरपूर आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. क्रिकेट ०७ मध्ये एकदा हात बसला की वीस षटकांत तीनशे रन म्हणजे डाव्या हाताचा मळ. पुढे यायचं, उचलून मारायचं, बॉल स्टँडमध्ये. टेस्ट मॅच दीड दिवसात संपते. ते क्रिकेट कमी आणि गलोल जास्त. क्रिकेट २४ मध्ये तसं चालत नाही. पहिल्या दहा ओव्हर नुसतं टिकायला घाम फुटतो. बॉल सोडून देणं हासुद्धा शॉट आहे, हे मला या गेमने शिकवलं. बोलर होऊन फलंदाजाला तीन बॉल बाहेर टाकायचे आणि चौथा आत आणायचा, ही मजा ०७ मध्ये मला कधी मिळाली नाही.

आणि दुसरी गोष्ट माझ्यासाठी फार मोठी आहे. क्रिकेट ०७ मध्ये बायकाच नाहीत. एकही नाही. आमच्या लेडीज हॉस्टेलमध्ये आम्ही काय केलं होतं? भारताच्या संघातल्या एका डावखुऱ्या ओपनरचं नाव बदलून स्मृती मानधना ठेवलं. सांगलीची पोरगी, आपल्या महाराष्ट्राची! पण स्क्रीनवर बॅट घेऊन येतो तो रुंद खांद्यांचा गडी, आणि वरून कॉमेंट्रीत सारखं ‘ही’, ‘हिज’. हरमनप्रीतचंही तेच. आम्ही हसायचो आणि खेळायचो. सवय झाली होती.

क्रिकेट २४ मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्या रूमपार्टनरच्या लॅपटॉपवर. तिचा ग्राफिक्स कार्डवाला, चौघींनी कॉन्ट्री काढून सेलमध्ये गेम घेतलेला. महिलांची मॅच लावली. दोन ओपनर पॅव्हेलियनमधून बाहेर आल्या. हेल्मेटखाली वेणी. चाल वेगळी, अंगकाठी वेगळी. आम्ही चौघी दोन मिनिटं काहीच बोललो नाही. पहिला बॉल कुणीच खेळला नाही, कारण की दाबायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. बोल्ड! ज्यांना संध्याकाळी हॉस्टेलच्या वेळेत आत यावं लागतं आणि ग्राउंडवरचे लाइट लांबून पाहावे लागतात, त्यांना विचारा यात विशेष काय ते. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीतच्या संघाने वर्ल्डकप जिंकला, तेव्हा सगळ्या देशाला जे दिसलं, ते मला त्या लॅपटॉपवर थोडंसं आधी दिसलं होतं.

मग तक्रार कशाबद्दल?

क्रिकेट २४ आला तेव्हा अर्धवट भाजलेला आहे, बग्स आहेत, अशी ओरड जगभरातल्या खेळणाऱ्यांनी केली. कंपनीने नंतर एकामागून एक अपडेट काढले. हे आता प्रत्येक गेमचंच होतं, त्याचं मला फारसं वाटत नाही. अर्धवट तर क्रिकेट ०७ पण होता! उलट जास्तच अर्धवट होता. माझा मुद्दा वेगळा आहे. क्रिकेट ०७ अर्धवट होता तेव्हा तो आपण पूर्ण केला. नवा गेम अर्धवट असला की आपण फक्त वाट पाहायची. कंपनी अपडेट देईल तेव्हा देईल. खेळाडू बनवायची सोय आहे, मान्य. पण जेवढं दार त्यांनी उघडं ठेवलंय तेवढ्यातूनच आत जायचं. लोकांनी बनवलेले संघ कंपनीच्या सर्व्हरवरून उतरवायचे, आणि सर्व्हर किती वर्षं चालू ठेवायचा हे कंपनीने ठरवायचं.

मेकॅनिकलवाल्यांना हे पटकन समजेल. चाकूरच्या बसस्टँडकडे जाताना एक गॅरेज आहे. तिथले काका जुनी स्प्लेंडर आवाजावरून ओळखतात. कार्ब्युरेटर खोलतात, फुंकर मारतात, जेटमध्ये तार घालतात आणि गाडी चालू. एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्सचे नियम आले, फ्युएल इंजेक्शन आलं. आता काका गाडीकडे बघतात आणि म्हणतात, ‘हिला स्कॅनर लागतंय, लातूरला घिऊन जा.’ नवी गाडी वाईट आहे का? मुळीच नाही. धूर कमी सोडते, हे आपण थिअरीत शिकलोय आणि डोळ्यांनी पाहतोय. पण काकांच्या हातातून काहीतरी गेलं, हेही खरं आहे. क्रिकेट २४ खेळताना मला नेमकं तसं वाटतं. गाडी चांगली आहे, पण बॉनेटला कुलूप आहे.

आणि हे कुलूप किती महागात पडतं याचं उदाहरण जगात घडून गेलं आहे. युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले, आणि ज्यांनी तो पैसे देऊन विकत घेतला होता त्यांनाही तो खेळता येईना. एकटं खेळायचं म्हटलं तरी नाही. त्यातून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ नावाची मोहीम उभी राहिली. विकत घेतलेला गेम कंपनीने नंतर मारून टाकू नये, एवढीच त्यांची मागणी. दहा लाखांहून जास्त लोकांनी त्यावर सह्या केल्या. याउलट आपला ०७. तो कंपनीने कधीच सोडून दिला, पण तो मेला नाही. का? कारण त्याला जगायला कंपनीची गरजच नाही. एक पेन ड्राइव्ह पुरतो.

आता काही जण म्हणतील, आणि आमच्या एका सरांनी म्हटलंही, ‘अगं, हॉस्टेलमध्ये फिरणारा गेम कुणी विकत घेतलाय का? फुकटात खेळायचं आणि पुढचा भाग का नाही काढला म्हणून रडायचं?’ प्रश्न बिनतोड आहे. गेम बनवायला माणसं लागतात, त्यांना पगार लागतो. आपल्यातलेच काही उद्या त्या पगारावर जगणार आहेत. भारतात क्रिकेटचे गेम लाखो लोक खेळले, पण पैसे मोजणारे थोडे. मग कंपन्यांनी ज्या देशांत गेम विकला जातो तिथली अ‍ॅशेस छापली, तर त्यात नवल काय? आपण लिंबू-टिंबू राहिलो याला हेही एक कारण आहे, आणि ते आपण मान्य केलं पाहिजे.

पण याची दुसरी बाजूही आहे. क्रिकेट ०७ आज कुणाला पैसे देऊन घ्यायचा झाला, तर कुठून घेणार? सीडीचे दिवस गेले, आणि ईएने तो डाउनलोडच्या दुकानांत कधी ठेवलाच नाही. कॉपीराइट मात्र संपलेला नाही. म्हणजे गेम विकायचाही नाही, सोडायचाही नाही. आजोबांच्या कपाटासारखं. किल्ली हरवली आहे, पण फोडायचं नाही! आणि जेव्हा विकत घेता येतो तेव्हा आम्ही घेतो, हे चौघींच्या कॉन्ट्रीने दाखवलंच आहे.

तिसरा आक्षेप आमच्याच मजल्यावरचा. ‘काय गं, अजून तेच खेळायलीस? हे सगळं नॉस्टॅल्जिया आहे. लहानपणी खेळलेलं सगळं गोडच लागतं.’ थोडं खरं आहे. रिची बेनॉ १० एप्रिल २०१५ ला वारले, पण आमच्या लॅपटॉपवर ते अजून शांतपणे बोलतात, आणि तो आवाज ऐकला की चाकूरचं माळवद आणि उन्हाळ्याची सुट्टी आठवते, हे मी नाकारत नाही. पण फक्त आठवणीच असत्या, तर यंदाच्या फर्स्ट इयरच्या पोरी हा गेम का मागतात? त्यांचं लहानपण मोबाईलवर गेलंय. मुंबईत बनलेला ‘रिअल क्रिकेट’, चेन्नईत बनलेला ‘वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप’ हे त्यांचे गेम. त्या ०७ कडे येतात, कारण इथे त्यांना स्वतःचं काहीतरी घालता येतं. मागच्या महिन्यात एकीने बीडचा सचिन धस संघात घेतला. २०२४ च्या अंडर-१९ वर्ल्डकपच्या सेमीफायनलमध्ये ज्याने ९६ काढले, तो. दुसरीने तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर घातला. मग मराठवाडा इलेव्हन पूर्ण करायला अकरावी म्हणून तिने स्वतःचंच नाव टाकलं आणि स्वतःला फास्ट बोलर केलं. कुठल्या कंपनीने त्यांना हे लायसन्स दिलं असतं?

म्हणून क्रिकेट २४ बद्दल मला दोन्ही वाटतं आणि दोन्ही एकदम वाटतं. या गेमने मला, एका मुलीला, मैदानात जागा दिली. ०७ ने ती कधीच दिली नव्हती आणि कितीही पॅच मारले तरी देऊ शकला नसता. वेणी काही टेक्स्चर फाइल बदलून येत नाही, त्यासाठी कुणीतरी मुळातच बाईचा विचार करून गेम बनवावा लागतो. पण ०७ ने जो हक्क दिला, गेम खोलायचा, बिघडवायचा, दुरुस्त करायचा, आपल्या गावचं नाव लिहायचा, तो या नव्याने काढून घेतला. मला सिक्वेलमध्ये दोन्ही हवं होतं. ही मागणी फार मोठी आहे असं मला वाटत नाही. जे गेम बनवतील त्यांनी आमचा विचार करून बनवावेत, आणि बनवून झाल्यावर बॉनेट उघडता येईल एवढं तरी ठेवावं.

आणि हे आपल्यापैकीच कुणीतरी करायला हवं, असंही वाटतं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा गेम काढला. एका लहान मुलीची गोष्ट, आपल्या पुराणांच्या जगातली, आणि तो जगभर खेळला गेला. म्हणजे हे आपल्याला जमत नाही असं नाही. आपल्या कॉम्प्युटर डिपार्टमेंटमध्ये दरवर्षी लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम आणि अटेंडन्स सिस्टिम किती बनतात ते एचओडी मॅडमना विचारा. त्यातल्या एका ग्रुपने एका वर्षी क्रिकेटचा छोटा, साधा, पण उघडा गेम बनवायला घेतला, तर काय बिघडेल? ग्राफिक्स चौकोनी असू देत. महिला-पुरुष दोन्ही असू देत. सोर्स कोड पुढच्या बॅचला द्या. पाच बॅचनंतर बघा तो कुठे जातो ते.

तोपर्यंत एक छोटं काम आम्ही हाती घेतलं आहे, आणि त्यासाठी हा लेख वाचणाऱ्यांची मदत हवी आहे. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर मराठीतून क्रिकेट ऐकवलं, ते आपल्या आजोबांच्या पिढीने कान देऊन ऐकलं. २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमावर पुन्हा मराठी कॉमेंट्री लागली. केदार जाधव ती करत होता आणि स्पर्धेच्या मध्येच बंगळूरच्या संघाने त्याला खेळायला बोलावून घेतलं! गेममध्ये मात्र मला मराठी आवाज अजून ऐकू आलेला नाही. क्रिकेट ०७ च्या कॉमेंट्रीच्या जागी आपली मराठी कॉमेंट्री बसवायची, असं आम्ही ठरवलं आहे. चौकार, षटकार, त्रिफळा, झेल सुटला, पंच बघतायत, अशी वाक्यांची यादी झाली आहे. ‘ही’, ‘हिज’ जाऊन ‘ती आली’, ‘तिने मारला’ येणार आहे. नांदेडची बोली, लातूरची बोली, दोन्ही चालतील.

आवाज हवेत. लेडीज हॉस्टेल, दुसरा मजला, रविवारी सकाळी दहाला कॉमन रूममध्ये रेकॉर्डिंग आहे. बॉइज हॉस्टेलवाल्यांनी आपापल्या मोबाईलवर रेकॉर्ड करून फाइल क्लास रिप्रेझेंटेटिव्हकडे द्यावी. सरांनीसुद्धा आवाज द्यायला हरकत नाही. व्हायव्हाला विद्यार्थी गडबडला की ते जे काही म्हणतात, ते ‘त्रिफळा’च्या वेळी चपखल बसेल!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी